चालू मशीनची पूजा

माउस आपोआप हलायला लागला तेव्हा मी चहा पीत होते, आणि पीतच राहिले. आमच्या दूध संघात त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मॅनेजर सत्यजीत साहेब घरी बसून, गाडीतून, कधी कधी तर पंगतीतूनसुद्धा मोबाइलवरून प्लँटचा कॉम्प्युटर चालवायचे. आपण खुर्चीत बसलेलो असतो आणि समोरच्या स्क्रीनवर बाण आपला आपण फिरतो, खिडक्या उघडतो, आकडे बदलतो. नवीन होते तेव्हा मी दचकायचे. मग त्याला 'साहेबांचं भूत' असं नाव ठेवलं आणि सवय झाली. भुताची सवय होणं चांगलं नाही, हे त्या रविवारी कळलं.

मी राजनंदिनी. माहेर केंदूरचं, दिलं निमोण्यात. आमचा संघ शिरूरच्या बाहेर, निमोण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. गावोगावचं दूध इथे येतं, थंड होतं, पिशव्यांत भरलं जातं. थंड करायला अमोनिया वायू लागतो. तो पाइपात आहे तोवर आपला नोकर असतो. पाइपाबाहेर आला की डोळे जातात, छाती बंद पडते, आणि जास्त आला तर माणूस दारापर्यंतही पोचत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायला काचेची एक कंट्रोल रूम आहे आणि त्या खोलीत डिप्लोमा झालेली मी.

भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर, आणि कॉम्प्रेसरच्या पलीकडच्या भिंतीला लागून पॅकिंगचा हॉल. तिथे सगळ्या बायका. त्यांत माझी सासू, तुळजाबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या पिशव्या भरता भरता म्हातारी झाली. मला ही नोकरी लागली तेव्हा तिनं अख्ख्या आळीला सांगितलं की माझी सून काचेच्या खोलीत बसती, तिला पंखासुद्धा लागत न्हाई. घरी मात्र भाजीत मीठ जास्त झालं की तीच सून कुचकामी.

तर मी चहा पीत होते आणि नॅन्सी मॅडमचा फोन आला.

नॅन्सी मॅडम शिरूरच्याच, मिशन कंपाउंडमधल्या. त्यांची आई मार्थाबाई तिथल्या शाळेत बाई होत्या. मॅडम पुण्यात एका कंपनीत आहेत. कारखान्यांच्या, डेअऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी परकं माणूस शिरतं का, यावर पाळत ठेवायचं त्यांचं काम. त्यांच्या हाताखाली सगळ्या पोरीच आहेत, आणि त्यांच्या कंपनीत हा विभाग उभा केला तो मॅडमनीच. विमा कंपनीनं अट घातली म्हणून आमच्या संघानं त्यांना नेमलं. वर्षाच्या सुरुवातीला त्या शिकवायला आल्या होत्या तेव्हा पुढच्या रांगेतली सगळी पुरुषमंडळी डुलक्या काढत होती. सत्यजीत साहेब तर फोनवर हसत होते.

मॅडमनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. विचारलं, सत्यजीत सर आत्ता तुमच्या कॉम्प्युटरवर आहेत का. मी म्हटलं, आहेत की, माउस फिरतोय.

"त्यांना फोन लाव. तिथल्या लँडलाइनवरून. माझा फोन चालू ठेव, आणि माउसला हात लावू नकोस."

साहेब दौंडला होते, मेहुणीच्या साखरपुड्याला. मागे बँड वाजत होता. त्यांनी ओरडून सांगितलं की आज त्यांनी काही उघडलेलंच नाही, सकाळपासून फोन खिशातच आहे.

समोर बाण सावकाश फिरत होता, घर भाड्यानं घ्यायला आलेला माणूस खोल्या बघत फिरतो तसा. मी एकटीच त्या खोलीत बसले आहे असं इतका वेळ मला वाटत होतं.

मॅडम म्हणाल्या, स्क्रीनवरचा छोटा कॅमेरा बघ, मान न हलवता. त्याच्या शेजारी एक हिरवा ठिपका पेटला होता. साहेबांच्या मीटिंगसाठी बसवलेला तो कॅमेरा. मी तो कधी पेटलेला पाहिला नव्हता.

"म्हणजे त्याला तू दिसतेस, आणि बोललीस तर ऐकूही जाईल. घाबरलीस हे कळू देऊ नकोस. कप धुवायला म्हणून उठ आणि बाहेर जाऊन बोल."

मी उठले. बाहेरच्या बोळात नळापाशी उभी राहिले, नळ सोडला आणि मग बोलले. मॅडम तेव्हा शिरूरच्याच चर्चमध्ये होत्या, नव्या पिकाच्या, हंगामाच्या उपासनेला. पुण्याहून त्यांच्या टीममधल्या मुलीनं कळवलं होतं की शिरूरच्या अमोनियाच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी बाहेरून बसलंय. त्या निघाल्याच होत्या. तोवर मी दोन कामं करायची. एक, देवळावरचा झेंडा कुठल्या बाजूला उडतोय ते बघायचं. दुसरं, कोणालातरी पाठवून कॉम्प्रेसरवरचा खराखुरा काटा वाचून आणायचा. स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही.

भैरोबाच्या देवळाचा झेंडा गेटाच्या दिशेनं फडफडत होता. म्हणजे वारा मागच्या शेताकडून पुढे येत होता. काटा बघायला मी फिटर रोहिदासला पाठवलं. तो गेला हसत आणि आला तो तोंड उतरवून.

"ताई, काटा लाल पट्ट्यात शिरलाय. तुमची स्क्रीन काय म्हनती?"

माझी स्क्रीन म्हणत होती की सगळं उत्तम चाललंय. हिरवे आकडे, हिरवी रेघ. दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि काट्याला खोटं बोलायला कोणी शिकवलेलं नव्हतं. तो आत शिरलेला माणूस प्रेशर वाढवत होता आणि मला जुनेच आकडे दाखवत होता.

खरं तर प्रेशर एवढं चढलं की कॉम्प्रेसर आपोआप बंद पडायला हवा. तशी एक यंत्रणा होती. उन्हाळ्यात ती सारखी बंद पाडते, दूध खोळंबतं, म्हणून साहेबांनी तिला वायर मारून गप्प बसवली होती. तेव्हा मी काही बोलले नाही, कोणीच बोललं नाही. आता त्या वायरीच्या पलीकडे माझी आत्या उभी होती. त्या हॉलच्या छताखालून अमोनियाचा जुना पाइप जातो, आणि तिची जागा बरोबर त्याच्या खाली.

मला पळत जाऊन तिला ओढून बाहेर काढायचं होतं. मॅडमनी बजावलं होतं, खुर्चीत जाऊन बस. मी जाऊन बसले.

तेवढ्यात स्क्रीनवर एक पांढरी खिडकी उघडली आणि तिच्यात एकेक अक्षर उमटायला लागलं. हिंदीत.

"मालिक को बुलाओ."

मग शेजारी दुसरी खिडकी उघडली. त्यात पॅकिंग हॉलचा सीसीटीव्ही होता. निळ्या टोप्या घातलेल्या बायका, सरकत्या पट्ट्यावर पिशव्या, आणि टोकाला आत्या. तिचा उजवा खांदा थोडा वाकडा आहे, कुठूनही ओळखू येते.

"गैस इधर जाएगी. माताजी को बोलना, आरती अच्छी थी."

आरती. मागच्या आठवड्यात खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली होती, सगळेच करतात. कॉम्प्रेसरला हार, वजनकाट्याला हार, टँकरला ऊस. यंदा आत्यानं हट्ट धरला होता की माझ्या सुनेच्या मशीनची पूजा मी करणार. स्क्रीन बंद होती. आत्या म्हणाली, झोपलेल्या देवाला कुनी ओवाळतं का, चालू करा. मग चालू केली. झेंडूचा हार कॉम्प्युटरला, हळदीकुंकवाची बोटं काचेवर, आणि आत्याच्या हातात आरतीचं ताट. हे कोणा परक्या माणसानं कुठून पाहिलं होतं? तो केव्हापासून आमच्याकडे बघत होता?

बाजूच्या दारानं काहीतरी सरपटत आल्यासारखं वाटलं. मी किंचाळायचीच बाकी होते. नॅन्सी मॅडम होत्या. अंगावर चर्चची जांभळी रेशमी साडी, गळ्यात लॅपटॉपची पिशवी, आणि गुडघ्यांवर रांगत त्या माझ्या टेबलाखाली शिरल्या, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा. एवढ्या भीतीतही मला त्यांच्या साडीच्या काठाची काळजी वाटली. खाली धूळ फार होती.

त्यांनी खालून आपल्या लॅपटॉपची वायर कुठेतरी जोडली. येता येता गेटवरच्या वॉचमनला आणि टँकरवाल्यांना त्यांनी पायी पायी मागच्या शेताकडे पाठवलं होतं. मग फोनवर लिहून मला दाखवायला लागल्या. मी पायाशी वाकून चप्पल नीट करते आहे असं करत वाचत होते. बाहेर चल, एवढंच शेवटी लिहिलं.

बोळात आलो तर समोर चेअरमन उभे. पोपटराव आबा. दौंडहून पुतण्यानं, म्हणजे सत्यजीत साहेबांनी, त्यांना फोन केला होता. आबांचा आवाज मुळातच ग्रामसभेचा. कोण आहे, काय पाहिजे त्याला, असं करत ते तडक भिंतीवरच्या भोंग्याच्या बटणाकडे निघाले. मॅडमनी मध्ये जाऊन बटणावर हात ठेवला. आबांचा हात त्यांच्या हातावर पडला. असं कोणा बाईनं आबांना अडवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आबा, त्याला दिसतंय आणि ऐकू येतंय. भोंगा वाजला, बायका पळाल्या, की तो व्हॉल्व्ह उघडेल. सगळे व्हॉल्व्ह त्याच्या हातात आहेत."

"मग प्लँट बंद करा की. आन् केलं तर एवढं दूध नासंल त्याचं काय, गावं काय म्हनतील? निवडनूक तोंडावर हाय."

मॅडम शांतपणे म्हणाल्या की लाल बटण दाबलं तर कॉम्प्रेसर थांबेल, पण चिडून त्यानं हॉलकडचा व्हॉल्व्ह उघडला तर? इंटरनेटची केबल काढली तर तो बाहेर जाईल, पण जाण्याआधी त्यानं मशीनला काय सांगून ठेवलंय ते अजून दिसलेलं नाही, त्यांच्या मुली पुण्यातून तेच शोधताहेत. म्हणून आधी माणसं बाहेर काढायची, त्याला संशय न येता. मग बटण आणि केबल एकदम.

"आन् ह्यो निर्णय कुनाचा?" आबांनी विचारलं.

"माझा. दूध नासलं तर गावांना माझं नाव सांगा."

मॅडमचा आवाज स्थिर होता, पण बटणावरचा हात थरथरत होता. तो मला दिसला आणि मी जास्तच घाबरले. म्हणजे ज्यांना कळतं त्यांनाही भीती वाटत होती.

मग त्यांनी कामं वाटली. रोहिदासनं तोंडाला मास्क लावून लाल बटणापाशी उभं राहायचं. त्या स्वतः परत टेबलाखाली, केबलपाशी. आबांनी माझ्या खुर्चीत बसायचं आणि त्या माणसाशी बोलत राहायचं. "बाजारात बैलाचा सौदा करता तसं. घाई करायची नाही, तोडायचं नाही." आबांना हे मात्र पटलं. त्या कामात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही.

आणि मी बायकांना बाहेर काढायचं. पुढच्या गेटला नाही. मॉक ड्रिलला आम्ही दर वेळी गेटाजवळच्या लिंबाखाली जमायचो, फोटो चांगला येतो म्हणून. आज वारा तिकडेच जात होता. मागच्या दारानं, घासाच्या शेतात, देवीच्या ठाण्यापाशी न्यायचं. पळायचं नाही. त्याला वाटलं पाहिजे की बायका आपल्या काहीतरी कामाला चालल्या आहेत.

पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं मी हॉलमध्ये गेले. मशीनचा आवाज चालू होता. छताखालचा पाइप पांढऱ्या बर्फानं माखलेला, मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. वरचा कॅमेरा मला पाठीवर जाणवत होता. आत्याच्या शेजारी उभी राहून, पिशवी हातात घेऊन बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं. गॅस येणार आहे, कोणीतरी मुद्दाम सोडणार आहे, तो आत्ता आपल्याकडे बघतोय, पळालो तर लगेच सोडेल.

आत्यानं कोण, का, काही विचारलं नाही. हातातली पिशवी पट्ट्यावर ठेवली.

"पळायचं न्हाई?"

"नाही."

"समद्या गेल्या पायजेत?"

"सगळ्या. ठाण्यापाशी."

तिनं एकदा सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. मला वाटलं ती आता एकेकीच्या कानात सांगेल, आणि त्यातली एक तरी नक्की ओरडेल. तसं झालं नाही. आत्यानं डोक्यावरची निळी टोपी काढली. अंबाड्याची पिन ओढली. पांढरे केस पाठीवर सुटले आणि ती थरथरायला लागली. आधी हात, मग खांदे, मग सगळं अंग. घशातून असा काही हुंकार निघाला की शेजारची बाई दोन पावलं मागे सरली.

मी आत्याला ओळखत होते. आयुष्यात तिच्या अंगात कधी आलं नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या आलं की ती नाक मुरडायची, रिकामटेकड्यांचे धंदे म्हणायची. तरी त्या क्षणी मलासुद्धा वाटलं की खरंच आली.

कोणीतरी "उदो उदो" म्हणालं. पट्टा थांबवला गेला. आत्या मागच्या दाराकडे निघाली, डुलत, पाय आपटत, पण हळू. बायका आपोआप मागे. एकीनं हळदीच्या पुडीसाठी डबा उघडला, एकीनं आत्याचा पदर सावरला, बिहारकडच्या दोघी होत्या त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली आणि हात जोडून त्याही चालल्या. "आईला ठाण्यावर जायचंय, वाट सोडा," असं सगळ्या एकमेकींना सांगत होत्या. देवी निघाली की तिच्या मागे जायचं, एवढं आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

मी कंट्रोल रूममध्ये परत आले. आबा एका बोटानं टाइप करत होते आणि प्रत्येक अक्षरामागे कपाळ पुसत होते. त्या माणसाला संघाचा सगळा कारभार कुलूपबंद करायचा होता आणि किल्लीसाठी भाव सांगायचा होता. आबा त्याला विचारत होते की तो कुठला, हे काम एकट्याचं का भागीदारीत, एवढ्या मोठ्या माणसानं दूधवाल्यांच्या मागे का लागावं.

सीसीटीव्हीत हॉल रिकामा होत होता. पांढऱ्या खिडकीत अक्षरं उमटली.

"ये क्या हो रहा है?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या गालावरून घाम ओघळत होता. त्यांनी टाइप केलं, "देवी आई है."

बराच वेळ काहीच आलं नाही. बाण जागच्या जागी थांबला होता. मग आलं, "हमारे यहाँ भी आती है."

हे वाचून मला सगळ्यात जास्त भीती वाटली. तोवर तो भूत होता. आता तो कुठल्यातरी गावचा, आई असलेला माणूस झाला, आणि तरीही तो हे करत होता.

टेबलाखालून मॅडमनी माझ्या पायाला हात लावला. पुण्याच्या मुलींना सापडलं होतं. हॉलकडचा व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम त्यानं तयार करून ठेवला होता, फक्त द्यायचा बाकी होता. केबल काढली की तो हुकूम मशीनपर्यंत पोचणार नव्हता. पण एवढ्या प्रेशरला कॉम्प्रेसर झटक्यानं थांबवला तर हॉलवरचा जुना पाइप धक्क्यानं फुटायची भीती होती, म्हणून आधी हॉल रिकामा हवा होता. मॅडमच्या एका हातात केबल होती, दुसऱ्या हातात रोहिदासशी चालू असलेला फोन. डोळ्यांनीच विचारलं, सगळ्या गेल्या?

मी स्क्रीनकडे बघितलं. मागच्या दारात शेवटची बाई बाहेर पडत होती. ती आत्या होती. ती थांबली, मागे वळली, आणि परत आत आली.

मला कळेना. मग आठवलं. सारजाबाई. कोल्ड रूममध्ये क्रेट लावायला सारजाबाई असते, जाड दाराच्या आड, तिला बाहेरचं काही ऐकू येत नाही. मला ती आठवली नव्हती. आत्या त्या रिकाम्या हॉलमधून, केस मोकळे सोडून, डुलत डुलत कोल्ड रूमकडे चालली होती. एकटी. तशीच हळू, कारण मीच सांगितलं होतं की पळायचं नाही. ती पाइपाखालून गेली आणि कोल्ड रूमच्या दारात नाहीशी झाली.

"बस हो गया," खिडकीत आलं. "टाइम खतम. हाँ या ना?"

आबांची बोटं थांबली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली, नाही. अजून नाही. रोहिदास फोनवर कुजबुजत होता, काटा पार टोकाला टेकलाय, पाइप कण्हायला लागलाय, दाबू का. मॅडमनी त्याला थांबवलं. त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना करत होत्या, हे मला नंतर कळलं. मी काहीच करत नव्हते, नुसती त्या दाराकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आत्या, ये. आत्या, ये गं.

आबांनी टाइप केलं, "हाँ. मगर भाई, एक बात."

"क्या बात?"

दार उघडलं. आत्या बाहेर आली, सारजाबाईचा दंड घट्ट धरून. सारजाबाई हात जोडून तिच्याबरोबर ओढली जात होती. दोघी हॉल ओलांडून, मागच्या दारातून, उन्हात गेल्या.

"हो," मी म्हणाले.

मॅडमनी केबल ओढली. फोनमधून रोहिदासनं बटणावर थाप मारल्याचा आवाज आला. स्क्रीनवरचा बाण मधेच गोठला आणि कॉम्प्रेसरचा तो रात्रंदिवस चालणारा आवाज बंद पडला. इतकी शांतता मी त्या जागी कधी ऐकली नव्हती. मग छतावर, जास्तीचं प्रेशर बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. सुरीसारखा आवाज आला आणि पांढरा लोट वाऱ्याबरोबर पुढे गेला, गेटावरून, लिंबावरून, जिथे आम्ही दर वेळी फोटो काढायचो. आम्ही तिघं बाजूच्या दारानं मागे पळालो, तोंडावर ओले पदर आणि आबांचा ओला टॉवेल. रोहिदास मागून आला, डोळे लाल, खोकत, पण चालत. लिंबाची पानं संध्याकाळपर्यंत करपून गेली. हॉलवरचा पाइप टिकला. माणूस एकही गेलं नाही.

पोलिसांची सायबरची माणसं आली, तोवर सत्यजीत साहेबही दौंडहून आले होते, साखरपुड्याच्या फेट्यासकट. तो आत कसा शिरला ते मॅडमनी सगळ्यांसमोर फोनवर दाखवलं. संघाच्या फेसबुक पेजवर खंडेनवमीचा फोटो होता. आत्या ओवाळतेय, मागे स्क्रीन चालू, आणि हाराच्या शेजारी साहेबांच्या लांबून चालवायच्या अ‍ॅपचा नंबर आणि पासवर्ड, स्पष्ट वाचता येतील असे. पासवर्ड वर्षानुवर्षं तोच. साहेबांना बदलायचा कंटाळा.

"म्हंजी ह्या म्हातारीनं स्क्रीन चालू करायला लावली म्हनून झालं," साहेब म्हणाले.

मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाल्या, फोटो टाकला कोणी, पासवर्ड ठेवला कोणी, वायर मारली कोणी, ते मी अहवालात लिहिणार आहे, आणि बायकांना कोणी वाचवलं तेही. आबांनी पुतण्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. नंतर मॅडम स्कूटीपाशी गेल्या तर त्यांना किल्ली लावता येईना. मीच लावून दिली. "हात ऐकत नाहीत," असं म्हणून त्या रडल्या.

मी ठाण्याकडे गेले. बायका घरी पांगल्या होत्या. दगडाच्या देवीसमोर कोणीतरी कुंकू वाहिलं होतं, आणि आत्या तिथेच घासाच्या बांधावर बसली होती. अजून थरथरत होती. मी मागे बसून तिचे केस गोळा केले आणि हळूच म्हटलं, बास आता आत्या, सगळे गेले, आता कोणी बघत नाही.

"थांबत न्हाई गं," ती म्हणाली. "मी सोंग कराया उठले. पयलाच हुंकार खोटा. मग त्यो पाइप दिसला आन् अंग खरंच कापाया लागलं. त्ये आईचं न्हवतं. भ्या व्हतं निस्तं. सारजीला आनाया गेले तवा तर पाय उचलंना."

मी तिला घट्ट धरलं. तिचं कापणं माझ्या अंगात उतरत होतं. थोड्या वेळानं म्हटलं की आता बायका मंगळवारी नारळ घेऊन येतील, पाया पडतील, त्यांना काय सांगायचं.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि संघाच्या छताकडे बघितलं.

"काय बी सांगू नगंस. त्यो परत आला तर ह्या समद्या माझ्या मागं चालाया पायजेत."